मुलासाठी साधन निवडताना

वाचताना अडखळणाऱ्या किंवा बोलू न शकणाऱ्या मुलासाठी पालक अनेकदा आधी टॅब घेतात आणि त्याचं करायचं काय, हे नंतर ठरवतात. अमेरिकेतील जॉय झबाला यांची ‘सेट’ पद्धत हा क्रम उलटा करते: आधी विद्यार्थी, मग त्याचा परिसर, मग करायचं काम आणि शेवटी साधन.

डिस्लेक्सिया असलेल्या मुलाला इतिहासाचा धडा समजून घ्यायचा असेल, तर मजकूर वाचून दाखवणारी फोनमधली सोयही पुरते. पण वाचायला शिकणं हेच काम असेल, तर तीच सोय आड येऊ शकते. मराठी आवाज जोडाक्षरं नीट उच्चारतो का, हे मुलाच्याच पाठ्यपुस्तकातला उतारा देऊन तपासावं.

बोलण्याची अडचण असेल, तर आयआयटी मुंबईत तयार झालेलं ‘जेलो’ अ‍ॅप आहे. चित्रावर बोट ठेवलं की ते बोलतं, मराठीतही. चित्रांमुळे मूल बोलणंच सोडेल, ही भीती मात्र निराधार आहे. चार्जिंग संपलं तर? छापील चित्रांचा तक्ता दप्तरात हवाच.

महागडं काही घेण्याआधी ते वर्गात काही आठवडे वापरून पाहा आणि मुलालाही विचारा.