जुना पॉवर टिलर : पट्टा व क्लच बांधणीपूर्वी पाहून घ्या



उसाची मोठी बांधणी चार ते साडेचार महिन्यांच्या आत उरकावी, असे आपण दरवर्षी सांगतो. त्यापुढे ऊस उंच होतो, पाला सरीत मिटतो आणि टिलर आत घालता येत नाही. मग माणसे लावून कुदळीने माती चढवायची, म्हणजे मजुरीही गेली आणि वेळही गेली. नेमक्या याच दिवसांत टिलर बंद पडल्याचे निरोप गट कार्यालयात येऊ लागतात. जाऊन पाहावे तर इंजिन ठणठणीत! दुखणे असते पट्ट्यात, नाहीतर क्लचमध्ये.

साठच्या दशकात जपानी बनावटीचे पॉवर टिलर आपल्या देशात येऊ लागले. पुढे बंगलोरच्या व्हीएसटी कंपनीने मित्सुबिशीच्या सहकार्याने, तर १९७३ साली स्थापन झालेल्या केरळच्या कामकोने कुबोटाच्या धर्तीवर ते इथेच बनविले. पंधरा-वीस वर्षे वापरलेली ही यंत्रे आजही आपल्या शेतांत चालताना दिसतात. दोन्हींची मूळ रचना सारखीच आहे. इंजिनच्या पुलीवरून व्ही-आकाराचे पट्टे क्लचच्या पुलीला फिरवितात, तिथून ताकद गिअरबॉक्समध्ये आणि मग चाकांना व रोटरीला जाते. इंजिनची सगळी ताकद त्या रबरी पट्ट्यांवरून जाते, हे ध्यानात धरले म्हणजे पुढचे सगळे समजते.

व्ही-पट्टा पुलीच्या खाचेत पाचरीसारखा बसतो. तो पकड घेतो ती दोन्ही बाजूंनी, तळाने नव्हे. म्हणून खाचेचा तळ चकचकीत दिसू लागला तर समजावे की पट्टा झिजून खाली टेकला आहे, किंवा खाचेच्या भिंती पोकळ झाल्या आहेत. अशा वेळी नुसतं ताणून काय होतं? पट्टा घसरायचा तो घसरतोच, वर ताणामुळे बेअरिंग जाते. खाच खराब असेल तर नवा पट्टाही एका हंगामात संपतो. तेव्हा पट्टा बदलण्याआधी पुलीकडे बघा.

ताण पाहण्याची रीत सोपी आहे. इंजिन बंद करून दोन पुलींच्या मधोमध पट्टा अंगठ्याने दाबावा. सर्वसाधारण नियम असा की, पुलींमधल्या एक मीटर अंतराला सुमारे १६ मि.मी. दबला पाहिजे, अर्ध्या मीटरला ८ मि.मी. मात्र तुमच्या यंत्राच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तोच खरा धरावा. ताण देण्यासाठी काही यंत्रांत ताण-पुली असते, काहींत इंजिनचे बोल्ट सैल करून इंजिन सरकवावे लागते. इंजिन सरकविल्यावर दोन्ही पुलींच्या तोंडावरून सुतळी ताणून धरावी. सुतळी चारही ठिकाणी टेकली पाहिजे. पुल्या तिरक्या राहिल्या तर पट्टा एका बाजूने खरवडला जातो.

नवा पट्टा पहारीने किंवा स्क्रू-ड्रायव्हरने उचकटून चढवू नये. आतला दोरा तुटतो, बाहेरून काही दिसत नाही आणि आठ दिवसांत पट्टा जातो. आधी ताण पूर्ण सैल करावा, मग हाताने बसवावा. पट्टे बदलायचे तर सगळे एकदम बदला. एक नवा आणि दोन जुने असे चालविले की सगळा भार नव्यावर पडतो. नवा पट्टा पहिल्या काही तासांत थोडा ताणला जातो, म्हणून पहिल्याच दिवशी संध्याकाळी ताण पुन्हा तपासावा. पट्टा घसरतो म्हणून राळ लावण्याची खोड काही चालकांना आहे. ती सोडावी. डिझेल-ऑइल लागले असेल तर साबणाच्या पाण्याने पुसून कोरडा करावा. तेलाने रबर फुगून मऊ पडते.

खरेदीबद्दल एक सांगतो. मीरा-भाईंदरला किंवा ठाण्याला नोकरीला असलेल्या मुलाला फोनवर नुसते ‘टिलरचा पट्टा आण’ एवढेच सांगू नका. शहरातल्या दुकानात गिरणीपासून कॉम्प्रेसरपर्यंत सगळे पट्टे मिळतात आणि दिसायला सारखेच. जुन्या पट्ट्यावरचे अक्षर आणि आकडा वाचून सांगा. उदाहरणार्थ ‘बी ६०’ : बी म्हणजे वरची रुंदी १७ मि.मी. व जाडी ११ मि.मी., आणि ६० म्हणजे आतल्या बाजूची लांबी इंचात.

आता पट्टा घसरतो की क्लच, हे कसे ओळखावे? दोन्हींत इंजिन जोरात आणि टिलर जागच्या जागी. पाच-दहा मिनिटे भाराखाली चालवून इंजिन बंद करावे आणि हात जवळ नेऊन पाहावे, लगेच टेकवू नये. पुली तापली असेल, रबर जळाल्याचा वास येत असेल, तर पट्टा. पुली त्या मानाने थंड आणि क्लचचे घर तापलेले, तर क्लच.

टिलरचा क्लच कोरड्या प्लेटांचा असतो. दांड्याला थोडी मोकळी चाल हवी. ती अजिबात नसेल तर प्लेटा पूर्ण दाबल्या जात नाहीत व घसरतात. चाल फार असेल तर क्लच पुरता सुटत नाही आणि गिअर टाकताना करकर आवाज येतो. ही चाल नटावर जुळविता येते. पण जुळवूनही आठवड्यात पुन्हा घसरत असेल तर गिअरबॉक्सचे ऑइल सील पाहावे. तेल प्लेटांवर येत असताना प्लेटा बदलणे म्हणजे पैसे पाण्यात. आधी सील, मग प्लेटा. आणि दांडा अर्धवट ओढून टिलर हळू चालविण्याची सवय प्लेटा सर्वांत लवकर खाते. हळू जायचे तर खालचा गिअर टाका.

छोट्या चारचाकी ट्रॅक्टरला पायाचा क्लच असतो. तिथे पट्टा बहुधा पंखा व डायनॅमोपुरता. पण पेडलवर पाय ठेवून चालविण्याची खोड तीच आणि नुकसानही तेच.

पट्ट्यावरचे पत्र्याचे कव्हर काढून टिलर चालवू नये. चालू पट्ट्याला हात लावून ताण पाहू नये, गळ्यात टॉवेल ठेवून वाकू नये. बोटे जायला क्षण पुरतो.

बांधणीनंतर यंत्र पावसाळाभर उभे राहणार असेल तर पट्ट्याचा ताण सैल करावा आणि क्लचचा दांडा सुटलेल्या स्थितीत बांधून ठेवावा, म्हणजे दमट हवेत प्लेटा एकमेकींना चिकटत नाहीत. पुन्हा सुरू करताना आधी पट्ट्यात अडकलेले पाचट काढावे, ताण द्यावा, मगच हँडल मारावे.

— ऊस विकास अधिकारी