अडगळीतली जावा-येझडी पुन्हा रस्त्यावर आणताना

निपाणी, चिकोडी, खानापूर किंवा बेळगावच्या जुन्या पेठा घ्या. आपल्या भागातल्या कितीतरी घरांत परड्यात, पोत्याखाली झाकलेली एखादी जुनी मोटरसायकल असते. आजोबांनी हौसेनं घेतलेली, वडील जिच्यावरून कॉलेजला गेलेली. ती विकायला कुणी तयार नसतं आणि चालवायलाही कुणी पुढे येत नाही. शेवटी घराची वाटणी होते किंवा नवं बांधकाम निघतं, आणि गाडी वजनावर भंगारात जाते. हल्ली मात्र आपल्याकडची तरुण मुलं अशा गाड्या घरीच खोलू लागली आहेत. त्यांच्यासाठी ही थोडी माहिती.

गाडीचं कूळ

आपल्याकडे सापडणाऱ्या जुन्या गाड्यांत बुलेट आणि राजदूत असतात, पण खरी ओढ असते ती जावा-येझडीची. मूळची ही चेक कंपनी. यानेचेक हे मालकाचं आडनाव आणि वाँडरर ही जर्मन कंपनी, या दोन नावांची पहिली अक्षरं जोडून 'जावा' झालं. १९६१ पासून म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात ही गाडी तयार होऊ लागली. १९७३ मध्ये तिचं नाव 'येझडी' झालं. म्हैसूर राज्याचं नाव कर्नाटक झालं तेही याच वर्षी. इराणमधल्या यझ्द शहरावरून घेतलेलं हे नाव कारखान्याच्या पारशी मालकांच्या मुळांची आठवण देतं. १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. म्हणजे त्या कारखान्यातून निघालेली सगळ्यात धाकटी येझडीसुद्धा आज पंचविशी ओलांडून गेली आहे.

जुन्या जावाच्या इंजिनाला सिलिंडर एकच, पण सायलेन्सर दोन. किक आणि गिअरची दांडीही एकच. आत दाबून वर फिरवली की तिचीच किक होते. ज्यांनी ही गाडी चालवली आहे, ती घरातली मोठी माणसं हे डोळे मिटून करून दाखवतील. गाडी खोलण्याआधी त्यांना शेजारी बसवा. कुठला नट उलट्या आट्यांचा आहे, हे पुस्तकाआधी त्यांच्याकडून कळतं.

घरी काय, मिस्त्रीकडे काय

गाडी खोलताना प्रत्येक टप्प्याचा मोबाइलवर फोटो काढा. नट-बोल्ट वेगवेगळ्या डब्यांत ठेवून वर चिठ्ठी चिकटवा. साफसफाई, वायरिंग, ब्रेक-शू, केबली, कार्बोरेटर, चाकांचं ग्रीस ही कामं घरी होतात. टाकीतला गंज काढण्यासाठी व्हिनेगर भरून दोन-तीन दिवस ठेवतात, मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं धुऊन लगेच वाळवतात. टाकीला वेल्डिंग मात्र घरी कधीही करू नका. रिकाम्या वाटणाऱ्या टाकीतही पेट्रोलची वाफ उरलेली असते आणि तिचा भडका उडतो.

इंजिनाचं आतलं काम मशीन शॉपचं. या बाबतीत आपण नशीबवान आहोत. बेळगावचं उद्यमबाग आणि पलीकडे कोल्हापूर-शिरोली, दोन्हीकडे फाउंड्री आणि लेथची परंपरा आहे. सिलिंडर घासला असेल तर तो बोअर करून मोठ्या मापाचा पिस्टन बसवतात. क्रँक प्रेसवर खोलून कनेक्टिंग रॉड आणि बेअरिंग बदलतात. त्याच वेळी क्रँकचे ऑइल सील नवे टाकाच. टू-स्ट्रोक इंजिनात क्रँककेस हवाबंद असावी लागते. कडक झालेल्या सीलमधून हवा आत शिरली की मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं आणि नवा पिस्टनसुद्धा जाम होतो.

पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते पाणी ओढून घेतं आणि जुन्या रबराला मानवत नाही. म्हणून पेट्रोलची नळी आणि वॉशर नवे घ्या, आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी व कार्बोरेटर रिकामे करा. आपल्याकडच्या पावसाळ्यात हे विसरलात तर गंज परत आलाच म्हणून समजा.

कागद आधी, रंग नंतर

गाडी चकाचक झाली पण कागद नाहीत, अशी वेळ अनेकांवर येते. म्हणून पाना हातात घेण्याआधी आरसी बुक शोधा, आणि त्यावरचे इंजिन व चॅसी नंबर गाडीशी पडताळा. आरसी दिवंगत आजोबांच्या नावावर असेल तर वारसाला फॉर्म ३१ भरून ती आपल्या नावावर करून घ्यावी लागते. याची मुदत मृत्यूनंतर तीन महिन्यांची असते. उशीर झाला असेल तर आरटीओत जाऊन विचारा; नुसतं टाळत राहू नका. खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची, त्यानंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण.

सीमाभागाचा पेच वेगळाच. कागलच्या मामांची एमएच ०९ गाडी निपाणीला आणून कायमची ठेवायची तर मूळ आरटीओचं ना-हरकत पत्र लागतं आणि इथला करही भरावा लागतो. कोगनोळी नाका आपल्याला घरचा वाटला, तरी कागदावर तिथे राज्य बदलतं.

हौस कुठवर

सीट, आरसे, कॅरिअर, बॅग या गोष्टी मनासारख्या करा. रंग बदलला तर आरसीवर नोंद करून घ्या. पण चॅसी कापणं, मूळ रचना बदलणं कायद्याला मान्य नाही. सर्वोच्च न्यायालयानंही २०१९ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. कानठळ्या बसवणारा सायलेन्सर लावला तर दंड होतोच, शिवाय गल्लीतली म्हातारी माणसं शिव्या घालतात ते वेगळंच.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या दुचाकीला 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी मिळू शकते. ती गाडी रोज चालवता येत नाही, रॅली आणि प्रदर्शनापुरतीच. पण चॅसी किंवा इंजिनात मोठा फेरफार केला की हा हक्क जातो. १९७० ची जावा कापून 'बॉबर' करणारा मुलगा ही वाट कायमची बंद करतो. म्हणून काढलेला प्रत्येक मूळ भाग, मग तो गंजलेला मडगार्ड का असेना, जपून ठेवा.

खर्चाचा अंदाज आधीच घ्या आणि वर्षभराचा वेळ धरा. घाई केली की मिस्त्री बदलतो, भाग हरवतात आणि गाडी पुन्हा पोत्याखाली जाते. येत्या सुट्टीत गावी गेलात की आधी कपाटातली जुनी फाइल काढा. आरसी हाती लागली तर निम्मं काम झालं.