वुजूखान्याचा नळ आणि जमातीचा पैसा

उन्हाळ्यात मशिदीची बोअर आटली की टँकर येतो आणि त्याचं बिल जमातीच्या चंद्यातून जातं. प्यारे नबी (स.) एक मुद, म्हणजे लिटरभर किंवा त्याहून कमी पाण्यात वुजू करत, असं सहीह हदीसमध्ये आहे. आपल्याला किती लागतं? हिशेब करून पाहू.

नळाखाली बादली धरा आणि एक मिनिट मोजा. 10 लिटर भरले आणि वुजूला नळ दोन मिनिटं सुरू राहिला, तर 20 लिटर गेले. नळाच्या तोंडाला एरेटर, म्हणजे पाण्यात हवा मिसळणारी जाळी लावून धार 3 लिटरवर आणली, तर तेवढ्याच वेळात 6 लिटर लागतात. दिवसाला 300 वुजू धरले तर 4,200 लिटर वाचतात. छोटा टँकरच झाला की!

शिवाय टाकीत कमी पाणी चढवायचं म्हणजे मोटर कमी चालते, थंडीत गिझरची वीजही वाचते.

ट्रस्टचे गाळे, शादीखाना इथंही हेच. जुन्या फ्लशला एका वेळी 10 लिटर किंवा जास्त लागतात. दोन बटणांच्या टाकीला 3 किंवा 6.

मात्र आधी गळके वायसर बदला. क्षारांच्या पाण्यानं जाळी बुजते, ती अधूनमधून धुवा. सुरुवात दोनच नळांपासून करा. धार फार बारीक झाली तर लोक नळ जास्त वेळ सोडतात आणि बचत संपते.

चंद्याचा हिशेब आपण जमातीपुढं ठेवतो, पाण्याचाही ठेवू या.