धुराची वाट किती लांब?

१९६५ साली फोर्डच्या मस्टँग गाड्या कॅरोल शेल्बी यांच्या लॉस एंजेलिसच्या कारखान्यात यायच्या आणि ‘जीटी ३५०’ होऊन बाहेर पडायच्या. येताना त्यांच्या ४.७ लिटरच्या व्ही-८ इंजिनाची ताकद २७१ अश्वशक्ती असायची, जाताना ३०६. इंजिनाचं आकारमान तेवढंच. वर हॉलीचा मोठा कार्ब्युरेटर आणि अॅल्युमिनियमचा इनटेक मॅनिफोल्ड चढायचा, तर बाजूचे बीडाचे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड जाऊन पोलादी नळ्यांचे हेडर यायचे. हवा आत घेण्याइतकाच धूर बाहेर काढणंही महत्त्वाचं आहे, हे शेल्बींच्या माणसांना पक्कं ठाऊक होतं.

अमेरिकेत जुनी मसल कार बाळगणाऱ्याला हेडर घेताना पहिला प्रश्न पडतो तो लाँग-ट्यूब की शॉर्टी हा. पहिल्यात प्रत्येक सिलिंडरची नळी साधारण ३० ते ३६ इंच लांब असते, दुसऱ्यात त्याच्या निम्मी किंवा त्याहून कमी. बहुतेक जण उत्तर अश्वशक्तीच्या आकड्यांत शोधतात. माझ्या मते ते आधी गाडीच्या मॉडेल-वर्षात शोधावं, आणि कारखान्यातून आलेल्या मॅनिफोल्डमध्ये.

नळीतली लाट

बीडाचा मॅनिफोल्ड स्वस्त, टिकाऊ आणि आवाज दाबणारा. पण त्यात चार सिलिंडरांचा धूर आखूड, वेड्यावाकड्या वाटेनं एकाच पोकळीत कोंबला जातो. हेडरमध्ये प्रत्येकाला स्वतंत्र नळी मिळते आणि चारही नळ्या पुढे एका जाड नळीत, कलेक्टरमध्ये, मिळतात.

एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की धुराबरोबर दाबाची एक लाट सुटते. कलेक्टरपाशी तिला एकदम मोकळी जागा मिळते आणि तिथून कमी दाबाची लाट उलटी फिरते. व्हॉल्व्ह मिटण्याच्या सुमारास ती परत पोचली, तर उरलासुरला धूर खेचून घेते. त्या क्षणी इनटेक व्हॉल्व्हही किंचित उघडलेला असतो, त्यामुळे ताज्या हवेलाही ओढ बसते.

तापलेल्या धुरात ही लाट सेकंदाला सुमारे ५०० मीटर वेगानं धावते. ३४ इंची नळीत, म्हणजे ८६ सेंटिमीटर, तिला जाऊन यायला साडेतीन मिलिसेकंद लागतात. १५ इंची शॉर्टीत दीडच. मिनिटाला ६००० फेरे घेणाऱ्या इंजिनाचा एक फेरा १० मिलिसेकंदांचा, ३००० फेऱ्यांवर तो २० चा. शॉर्टीतली लाट व्हॉल्व्ह जेमतेम उघडलाय तोच येऊन जाते. सिलिंडरातला दाब स्वतःच धूर बाहेर फेकत असतो, तेव्हा तिची गरजच नसते. लाँग-ट्यूबचा जोर रस्त्यावर रोज वापरल्या जाणाऱ्या मधल्या फेऱ्यांत जाणवतो, तो यामुळे.

पाच आणि सातचं भांडण

अमेरिकन व्ही-८ ची आणखी एक खोड आहे. शेव्हरोलेच्या स्मॉल-ब्लॉकमध्ये सिलिंडर १-८-४-३-६-५-७-२ या क्रमानं पेटतात आणि विषम क्रमांकाचे चारही सिलिंडर ड्रायव्हरच्या बाजूला असतात. म्हणजे ५ पाठोपाठ लगेच ७ पेटतो. दोघे शेजारी, एकाच मॅनिफोल्डचे, आणि मध्ये क्रँकचे जेमतेम ९० अंश. ५ चा धूर पुरता निघालेला नसतानाच ७ चा दणका येतो. नळ्या आखूड असल्या तर तो थेट शेजाऱ्यावर आदळतो, लांब असल्या तर वाटेतच त्याचा जोर ओसरतो.

१९६८ आणि १९६९ ला ल माँ जिंकणाऱ्या फोर्ड जीटी ४० नं यावर जालीम उपाय केला होता. इंजिनाच्या दोन्ही बाजूंच्या नळ्या एकमेकींत गुंतवून, प्रत्येक कलेक्टरला ठरावीक १८० अंशांनी धूर मिळेल अशी जोडणी केली. इंजिन मागे असल्यामुळे हा गुंता मावला. पुढे इंजिन असलेल्या मस्टँगमध्ये तेवढी जागा कुठून आणणार? शेल्बींनी तिथे ट्राय-वाय हेडर लावले. चार नळ्यांच्या आधी दोन होतात, मग एक, आणि जोड्या लावताना लागोपाठ पेटणारे सिलिंडर वेगळे ठेवले जातात.

लांबीची किंमत

लाँग-ट्यूब बसवणं हे अंगमेहनतीचं काम आहे. गाडी उंच उचलायची, स्टार्टर काढायचा, कित्येकदा इंजिनाचे माउंट सोडून ते थोडं वर घ्यायचं आणि हेडर खालून सरकवायचा. १९७० पर्यंतच्या मस्टँगमध्ये तर शॉक अॅब्सॉर्बरचे मनोरे इंजिनाला दोन्हीकडून चिकटलेले. पुढे स्पार्क प्लगच्या वायरी जळू नयेत म्हणून त्या जपाव्या लागतात, स्टार्टर तापून अडून बसतो आणि कलेक्टर गाडीच्या पोटाखाली इतका लोंबतो की गतिरोधक दिसला की पोटात गोळा येतो. पातळ फ्लँज उष्णतेनं वाकली की गॅस्केट गळतं आणि थंड इंजिन टकटक करू लागतं.

शॉर्टी यातलं बहुतेक टाळते. ती मूळ मॅनिफोल्डच्याच जागी बसते आणि मागचा पाइप आहे तसा राहतो.

वर्ष विचारा

अमेरिकेत १९७५ च्या मॉडेलांपासून बहुतेक गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला. तो नीट तापला तरच काम करतो, म्हणून इंजिनाजवळ असलेला बरा. लाँग-ट्यूबचा कलेक्टर नेमका त्याच्याच जागेवर येतो. कन्व्हर्टर मागे ढकलायचा तर तो उशिरा तापतो. काढून टाकायचा तर रस्त्यावरच्या गाडीसाठी तो केंद्रीय कायद्यानं गुन्हा आहे. कॅलिफोर्नियात १९७६ आणि त्यानंतरच्या पेट्रोल गाड्यांची सहसा दर दोन वर्षांनी धूरतपासणी होते. हेडरला राज्याच्या हवा मंडळाचा मंजुरी क्रमांक लागतो आणि तो बहुधा शॉर्टीलाच मिळालेला असतो.

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धातली ५.० लिटरची मस्टँग पाहा. तिच्यात फोर्डनं कारखान्यातूनच नळ्यांचे आखूड हेडर दिले होते. तिच्यासाठी बाजारातली शॉर्टी घेणं म्हणजे चकाकीसाठी पैसे मोजणं. ताकदीत पडणारा फरक किरकोळ.

म्हणून १९६९ ची कॅमेरो असेल, मागे कन्व्हर्टर नसेल आणि गॅरेजमध्ये घाम गाळायची तयारी असेल, तर खुशाल लाँग-ट्यूब घ्यावी. तपासणीला जाणाऱ्या, मूळ बीडाचा मॅनिफोल्ड असलेल्या गाडीला मंजुरी क्रमांकाची शॉर्टी. आणि कारखान्यातूनच आखूड हेडर घेऊन आलेल्या गाडीत तेच ठेवून खर्च दुसरीकडे करावा. काहीही बसवलं तरी काढलेले बीडाचे मॅनिफोल्ड मात्र भंगारात देऊ नयेत. मूळ भागांसकट मिळणाऱ्या जुन्या गाडीला गिऱ्हाईक जास्त पैसे मोजतं.