परीक्षेपूर्वीची परीक्षा

गेल्या पावसाळ्यात, रोवणी ऐन भरात असताना, सानगडीच्या एक बाई माझ्याकडे आल्या. वय चाळिशीच्या आसपास, माहेर अर्जुनी-मोरगावकडचे. सातवीनंतर सुटलेली शाळा पुन्हा धरता आली नव्हती. "सर, मुलगी यंदा दहावीत आहे. मलाही परीक्षेला बसता येईल काय?" मी तत्काळ होकार दिला. तो खरा असला तरी किती अपुरा होता, हे पुढील काही आठवड्यांत उमगले.

वस्तुतः नियम उदार आहेत. राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाच्या परीक्षेस खाजगीरीत्या बसण्याची सोय 'सतरा नंबरचा फॉर्म' या नावाने खेडोपाडी परिचित आहे. दहावीसाठी पाचवी उत्तीर्ण असावे आणि वयाची 14 वर्षे पूर्ण झालेली असावीत; वयाला वरची मर्यादा नाही. अर्ज संगणकावरून भरून त्याची छापील प्रत, शाळा सोडल्याचा मूळ दाखला व आधारपत्र संपर्क केंद्र असलेल्या शाळेत द्यावयाचे. मूळ दाखला नसल्यास द्वितीय प्रत आणि प्रतिज्ञापत्र लागते.

नुकतीच शाळा सोडलेल्या मुलास यात कठीण काही नाही. परंतु या बाईंचा दाखला माहेरच्या नावाचा, आधारपत्र सासरच्या नावाचे. त्यांची जुनी शाळा 1999 साली भंडाऱ्यातून वेगळ्या झालेल्या गोंदिया जिल्ह्यात. द्वितीय प्रतीसाठी तिकडे दोन खेपा, प्रतिज्ञापत्रासाठी साकोलीस एक. प्रत्येक खेपेस एका दिवसाची मजुरी बुडाली. अर्थशास्त्रात ज्यास संधी-परिव्यय म्हणतात तो हाच. अर्जाच्या शुल्कात त्याची नोंद कोठेच नसते. अलीकडील वर्षांत अर्जाची मुदत बहुधा जुलै ते सप्टेंबर या काळात असते, आणि धानाच्या या मुलखात वर्षातली हमखास मजुरी मिळते ती नेमकी तेव्हाच.

या वयात दहावी कशाला, असे विचारणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी एवढेच पाहावे की, राज्यात अंगणवाडी मदतनिसाच्या नेमणुकीसाठीही 2023 पासून बारावीची अट आहे. पात्रतेची पायरी वर चढत असताना खाली राहिलेल्यांस शिडी देणे हे शासनाचे कर्तव्य ठरते. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचे संरक्षण 6 ते 14 या वयापुरते आहे. ते संपल्यावर नागरिकाच्या हाती उरतो तो हा अर्ज.

मुक्त शिक्षणाचा मार्ग आहे, हेही खरे. 1989 मध्ये स्थापन झालेल्या, आज राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत 14 वर्षांवरील कोणासही माध्यमिक परीक्षेसाठी नाव नोंदविता येते. 5 वर्षांत 9 संधी मिळतात आणि विषय थोडेथोडे सोडविता येतात. राज्याचे मुक्त विद्यालय मंडळही पाचवी, आठवी व दहावीच्या समकक्ष परीक्षांसाठी अनुक्रमे 10, 13 व 15 वर्षे पूर्ण झालेल्यांस प्रवेश देते. कष्टकरी प्रौढास हे मार्ग अधिक सोयीचे आहेत. मात्र आमच्या भागात दहांतील नऊ जणांनी त्यांचे नावही ऐकलेले नसते, असा माझा अनुभव आहे.

अटी सैल केल्यास तोतया परीक्षार्थी बोकाळतील, ही भीती निराधार नाही. तथापि पडताळणी व्हावी असे म्हणणे वेगळे, आणि तिचा सारा भार मजुरी करणाऱ्या बाईवर टाकणे वेगळे. शाळेच्या दाखल-खारीज नोंदवहीत तिचे नाव आहेच. अर्जदाराने शाळेचे नाव व वर्ष कळवावे आणि संपर्क केंद्राने त्या शाळेकडून खात्री करून घ्यावी. अर्जाची एक मुदत रोवणी आटोपल्यावरही ठेवावी. आणि गावोगावच्या हायस्कुलांनी शाळा सुटलेल्यांस या तिन्ही वाटा समजावून सांगाव्यात. यास मोठा निधी लागणार नाही.

बाईंचा अर्ज मुदतीच्या आदल्या दिवशी दाखल झाला. त्यांच्याबरोबर निघालेल्या दोघी मात्र दाखल्यापाशीच थांबल्या. त्या दोघींचा गणिताचा पेपर कच्चा होता की पक्का, हे कोणी तपासलेच नाही.