गळाचा दोर तुटला? आधी तुटलेले टोक पाहा

पावसाळा सरून पाणी निवळू लागले की घटप्रभा, मलप्रभा आणि कृष्णेच्या काठी गळ घेऊन बसलेले लोक दिसू लागतात. कोणी शुक्रवारच्या कालवणासाठी बसतो, कोणी केवळ हौसेने. त्यांच्या तोंडी एक तक्रार नेहमी असते : ‘मासा मोठा होता, दोर तोडून गेला.’ पुढच्या खेपेस ते अधिक जाड दोर आणतात, आणि कधी कधी तोही तुटतो. दोर किती वजन पेलतो एवढे पाहून भागत नाही. तो कशाने तुटला हे आधी समजून घ्यावे लागते.

मुख्य दोर आणि गळ यांच्यामध्ये एक वेगळा तुकडा बांधतात. त्याला लीडर म्हणतात. आपण त्याला ‘पुढचा तुकडा’ म्हणू. माशाचे दात याच तुकड्याला लागतात, म्हणून तो दातांकडे पाहून निवडावा.

दातांचे प्रकार

आपल्या नद्यांतील शिवडा (शास्त्रीय नाव वल्लागो अट्टू) मोठ्या तोंडाचा मासा आहे. त्याची जिवणी डोळ्याच्याही मागे पोहोचते. आत बारीक, आतल्या बाजूस वळलेल्या दातांचे दाट पट्टे असतात. हे दात सुरीसारखे कापत नाहीत, कानशीसारखे घासतात. मरळीच्या जबड्यात बारीक दातांबरोबर काही मोठे टोकदार दातही असतात. शिवाय ती पाणवनस्पती आणि बुडालेल्या खोडांत राहते, त्यामुळे दोर तिथेही घासला जातो.

युरोपातील तळ्यांमधला पाईक मासा निराळा. त्याच्या खालच्या जबड्याच्या कडेचे दात धारदार असतात आणि नायलॉन क्षणात कापू शकतात. म्हणून तिकडे तारेचा तुकडा वापरण्याचा आग्रह धरतात. तिकडची पुस्तके वाचून आपल्याकडेही काही जण प्रत्येक माशाला तार लावतात. तशी गरज नसते.

टोक काय सांगते?

दोर तुटला की उरलेले टोक उजेडात धरून पाहावे. टोक पांढरट व खरबरीत असेल आणि त्याच्या मागेही ओरखडे असतील, तर दोर घासून तुटला आहे. टोक सुरीने कापल्यासारखे स्वच्छ असेल, तर धारदार दाताने, शिंपल्याने किंवा दगडाच्या कडेने कापला गेला आहे. टोक डुकराच्या शेपटीसारखे वेटोळे झाले असेल, तर दोष माशाचा नाही. आपली गाठ सुटली आहे.

कोणता तुकडा निवडावा?

नायलॉन, म्हणजे आपला तंगूस, स्वस्त असतो, थोडा ताणतो आणि त्याला गाठ चांगली बसते. घासणाऱ्या दातांसाठी 0.60 ते 0.80 मिलिमीटर जाडीचा तंगूस बहुधा पुरतो. मात्र तो पाणी शोषतो आणि उन्हाने कमजोर होतो. म्हणून जुने रीळ उन्हात टांगून ठेवू नये.

फ्लुओरोकार्बन नायलॉनपेक्षा जड असतो, पाणी जवळजवळ शोषत नाही आणि पाण्यात कमी दिसतो. निवळशंख पाण्यात त्याचा उपयोग होतो. गढूळ पाण्यात त्यासाठी जादा पैसे मोडण्याचे कारण नाही.

विणलेला दोर जाडीच्या मानाने फार बळकट असतो, पण ते बळ सरळ ओढीपुरते. ताणलेल्या दोराला धार लागली की त्याचे तंतू भराभर तुटतात. तो मुख्य दोर म्हणून ठीक आहे, दातांजवळ तो नको.

पोलादी तार तेव्हाच घ्यावी जेव्हा टोके वारंवार स्वच्छ कापलेली मिळतात. एकेरी तारेला एकदा मुरड पडली की ती तिथेच तुटते, मग ती तार फेकून द्यावी. सात पदरी तार अधिक लवचिक असते. प्लॅस्टिकचे आवरण असलेल्या तारेचे आवरण दातांनी फाटले की आत पाणी शिरून गंज धरतो. तो बाहेरून दिसत नाही.

पुढचा तुकडा सुमारे एक हात, म्हणजे 45 सेंटिमीटर ठेवावा. तंगुसाची गाठ आवळण्यापूर्वी पाण्याने भिजवावी. कोरडी गाठ ओढताना घर्षणाने तापते आणि दोर तिथेच कमकुवत होतो. प्रत्येक माशानंतर तुकड्यावरून बोट फिरवावे. खरबरीत लागला की तेवढा भाग कापून पुन्हा बांधावे.

मुख्य दोर पुढच्या तुकड्यापेक्षा थोडा कमी ताकदीचा असावा आणि दोन्ही फिरत्या कडीने जोडावेत. गळ अडकून तोडावाच लागला, तर दोर कडीपाशी तुटेल अशी गाठ हवी. नाहीतर दहा-वीस हात तंगूस नदीत राहतो. तो वर्षानुवर्षे कुजत नाही आणि त्यात बगळे, पाणकावळे, पाणमांजरे अडकतात.

हाताची आणि दातांची काळजी

दोर हाताला गुंडाळून ओढू नये. विणलेला दोर मांसात रुततो. आपल्यापैकी पुष्कळांना शिशाचा मणी दाताने दाबायची आणि दोर दातानेच तोडायची सवय असते. शिसे विषारी आहे. त्यासाठी पक्कड वापरावी आणि जेवण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत. गळाचा काटा पकडीने दाबून सपाट केला, तर माशालाही आणि आपल्या बोटालाही तो सहज काढता येतो.

गळ किंवा माशाचे दात लागून जखम झाली, तर स्वच्छ पाण्याने व साबणाने धुवून धनुर्वाताच्या इंजेक्शनविषयी डॉक्टरांना विचारावे. जखम लाल होऊन सुजली, ठणकू लागली किंवा ताप आला, तर घरगुती लेप लावीत बसू नये. मधुमेह असलेल्यांनी तर मुळीच उशीर करू नये. डोळ्याजवळ रुतलेला गळ स्वतः काढू नये.

निसटलेल्या माशाचे काय?

दोर तोडून गेलेला मासा आपल्या लेखी संपतो, पण त्याच्या तोंडात गळ आणि तंगूस राहतो. गळ घशात रुतला असेल तर त्याला खाता येत नाही आणि तो हळूहळू मरतो. तो आपल्या ताटात आला नाही आणि नदीलाही उरला नाही. शिवडा आता जगभरच्या नोंदीत असुरक्षित जातींमध्ये गणला जातो. पावसाच्या सुरुवातीला, त्याच्या विणीच्या दिवसांत, त्याला मोकळे सोडावे. पिलांचा थवा राखीत बसलेल्या मरळीवर गळ टाकू नये. ती गेली की तो सारा थवा इतर माशांच्या तोंडी जातो.

नव्या करारात गळाचा उल्लेख एकदाच येतो. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या 17व्या अध्यायात प्रभू येशू पेत्राला गळ टाकायला सांगतो, आणि पहिला मासा वर येतो तोच कामी येतो. आपल्यालाही एका जेवणापुरता एक मासा पुष्कळ झाला. तेवढा तरी दोर न तुटता वर यावा, म्हणून काठावर बसण्यापूर्वी पाच मिनिटे आपला तुकडा आणि आपली गाठ तपासून घ्यावी.