विश्लेषण : स्वप्नीलला घडवणाऱ्या दीपाली देशपांडे कोण?

राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक जिंकले. ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारातील हे भारताचे पहिलेच ऑलिम्पिक पदक. त्याच्या प्रशिक्षक दीपाली देशपांडे स्वतः २००४ मध्ये अथेन्सला याच प्रकारात खेळल्या होत्या.

हा प्रकार अवघड का?

गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि उभे राहून, अशा तीन स्थितींत नेम साधावा लागतो. ५० मीटरवरचे दहा गुणांचे वर्तुळ जेमतेम १०.४ मिलिमीटरचे, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढे. उभ्याने रायफल स्थिर ठेवणे सर्वांत कठीण. भलेभले तिथेच घसरतात. अंतिम फेरीत स्वप्नील बसून सहावा, पालथ्या स्थितीनंतर पाचवा होता. उभ्याने मात्र तो वर सरकला आणि ४५१.४ गुणांसह तिसरा आला.

टोक्योनंतर काय झाले?

टोक्योहून भारतीय नेमबाज रिकाम्या हाताने परतले. खापर प्रशिक्षकांवर फुटले, देशपांडे यांची राष्ट्रीय संघाची जबाबदारीही गेली. खेळाडूंनी मात्र त्यांची साथ सोडली नाही. पॅरिसमध्ये चौथा आलेला अर्जुन बबुता आणि हांगझो आशियाई स्पर्धेत जागतिक विक्रम करणारी सिफ्त कौर सामरा हेही त्यांचेच शिष्य. स्वप्नील तर त्यांना दुसरी आई मानतो.

१७ जानेवारी २०२५ रोजी राष्ट्रपती भवनातील एकाच समारंभात शिष्याला अर्जुन आणि गुरूला द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला.